तापून बंद पडणारा जुना लॅपटॉप : परीक्षा व उपाय

शेतकऱ्याच्या घरांत नांगर, पंप व फवारणीचें यंत्र यांच्या जोडीला लॅपटॉप येऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. मजुरीचा व खताचा हिशेब, सात-बाराच्या प्रती, पीकविम्याचे अर्ज, निर्यातीच्या द्राक्षांवर केलेल्या फवारण्यांच्या तारखा, हें सर्व त्याच्याच पोटांत सांठविलेलें असतें. फाळ झिजला तर तो लोहाराकडे केव्हां न्यावा हें आपणांस परंपरेनें कळतें. परंतु हें नवें यंत्र बिघडलें म्हणजे आपण एकतर त्याची आशा सोडतों, किंवा दुकानदार सांगेल तो शब्द प्रमाण मानतों.

आमच्या कचेरींतील लॅपटॉप २०१६ सालीं घेतलेला. गेल्या उन्हाळ्यांत सभासदांच्या खताची यादी लिहीत असतां तो एका दिवसांत चार वेळां आपोआप बंद पडला आणि अर्धी यादी नाहींशी झाली. 'त्याचें आयुष्य संपलें, आतां नवा घ्या,' असा सल्ला आम्हांस मिळाला. तो लगेच न मानतां आम्हीं यंत्र उघडवून पाहिलें, तेव्हां पंखा व त्यापुढील जाळी यांच्यामध्यें धुळीचा व कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला दिसला. तो काढल्यावर यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. हा अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहों.

बंद पडण्याचें कारण

विहिरीवरील मोटार फार तापूं लागली म्हणजे स्टार्टरांतील रिले सुटून ती बंद होते. त्या वेळीं शहाणा मनुष्य रिलेवर रागावत नाहीं. एक फेज गेला काय, बेअरिंग आवळलें काय, हें तो पाहतो. लॅपटॉपचेंहि असेंच आहे. त्यांतील प्रोसेसर, म्हणजे सर्व आंकडेमोड करणारा नखाएवढा भाग, काम करतांना तापतो. उष्णता वाढली म्हणजे तो प्रथम आपली गति मंद करतो. तरीहि ती ठराविक मर्यादेपलीकडे, म्हणजे पुष्कळ यंत्रांत १०० सेल्सिअस अंशांच्या आसपास व वर गेली, तर जळून जाण्याऐवजीं यंत्र स्वतःच वीज तोडतें.

या उष्णतेला बाहेर पडण्याची मुख्य वाट एकच. प्रोसेसरवर एक मऊ लेप असतो, त्यास थर्मल पेस्ट म्हणतात. लेपावर तांब्याची पट्टी व तिला जोडलेली बंद पोकळ नळी असते. नळींत अगदीं थोडें द्रव असतें. तें तापलेल्या टोंकाशीं वाफ होतें व थंड टोंकाशीं पुन्हां द्रव होऊन परततें. थंड टोंकाला पातळ पत्र्यांची जाळी असून पंखा तिच्यांतून वारा फेंकतो. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी भुसानें चोंदली म्हणजे इंजिन उकळतें, हें कोणास सांगावयास नको. जुन्या लॅपटॉपांत तेंच घडतें. शिवाय कांहीं वर्षांनीं लेप वाळतो आणि पंख्याचें बेअरिंग झिजतें.

हवामानाचाहि यांत वांटा आहे. बहुतेक लॅपटॉप भोंवतालची हवा सुमारें ३५ अंशांपर्यंत आहे असें धरून बनविलेले असतात. जळगांव व अकोल्याकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर चढतो, आणि पत्र्याच्या छपराखालीं त्याहूनहि अधिक. म्हणून मार्गशीर्षांत बिनतक्रार चालणारें यंत्र वैशाखांत बंद पडूं लागतें.

परीक्षा

१. थंड यंत्र सुरू केल्यावर अर्धा घंटा चालून बंद पडतें, लगेच सुरू केल्यास त्याहून लवकर बंद पडतें, आणि तासभर विसावा दिल्यावर पुन्हां बराच वेळ चालतें, असें असेल तर दोष उष्णतेचा समजावा. चार्जरची तार हालली कीं बंद, किंवा चार्जर काढतांच बंद, असें होत असेल तर दोष बॅटरीचा, चार्जरचा किंवा त्याच्या जोडाचा आहे. साफसफाईनें तो जाणार नाहीं.

२. वारा बाहेर पडतो त्या फटीशीं हात धरावा. वारा जोराचा व गरम असेल तर वाट मोकळी आहे. कामाचा भार किंवा खोलीची उष्णता अधिक आहे. पंखा गरगरतो पण वारा क्षीण, तर जाळी चोंदली आहे. आवाज नाहीं व वाराहि नाहीं, तर पंखा गेला. वारा जोराचा पण थंड, आणि यंत्र मात्र तापून बंद पडतें, तर उष्णता जाळीपर्यंत पोंचतच नाहीं. लेप वाळला असावा किंवा नळी निकामी झाली असावी.

३. टास्क मॅनेजर उघडून पाहावें. आपण कांहीं करीत नसतां प्रोसेसरचा वापर शेंकडा थोडाच असावयास पाहिजे. तो बराच वेळ निम्म्याहून वर राहत असेल तर एखादा प्रोग्रॅम विनाकारण राबत आहे. तो शोधून बंद करावा.

उपायांचा क्रम

सर्वांत आधीं नोंदी वांचवाव्या. पहाटेच्या गारव्यांत यंत्र सुरू करून सर्व कागदपत्रांची नक्कल पेन ड्राइव्हवर अगर बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि एक नक्कल दुसऱ्या घरीं ठेवावी. लिहिणें चालू असतां यंत्र बंद पडल्यास ती फाइल कायमची बिघडूं शकते. यंत्र पुन्हां मिळतें. तीन हंगामांच्या नोंदी पुन्हां मिळत नाहींत.

नंतर बिनखर्चाचे उपाय. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवूं नये. वारा आंत घेण्याच्या फटी बहुधा तळाशीं असतात व त्या बुजतात. तो लांकडी फळीवर ठेवून मागील कड बोटभर उचलावी. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्यें प्रोसेसरची कमाल मर्यादा शेंकडा १०० असते, ती ८० ते ९० करावी. काम किंचित् मंद होतें, पण ताप बराच उतरतो.

एवढ्यानें न भागल्यास साफसफाई करावी. यंत्र बंद करून चार्जर काढावा. तळाचें झांकण उघडतांना स्क्रू कमीअधिक लांबीचे असतात, म्हणून कागदावर तळाची आकृति काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागीं ठेवावा. बॅटरीचा जोड प्रथम सोडवावा. पंख्याचीं पातीं काडीनें अडवून धरावीं, व मऊ कुंचल्यानें आणि डब्यांतील दाबलेल्या हवेच्या लहान झोतांनीं थर काढावा. लेप बदलावयाचा असल्यास जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसून नवा तांदळाच्या एकदोन दाण्यांइतकाच लावावा. हें काम पूर्वीं केलेलें नसेल तर कारागिराकडे जावें. परंतु समोर बसून, पंखा काढून जाळी दाखविण्याचा आग्रह धरावा.

काय करूं नये

टायरमध्यें हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरनें धूळ उडवूं नये; त्या हवेंत पाणी व तेल असतें आणि तिच्या जोरानें पंखा मोडतो. ओलें फडकें, बर्फ किंवा फ्रीज यांचा प्रयोग करूं नये. आंत दंव धरून यंत्र जातें. बंद पडलेलें यंत्र गरम असतांना पुन्हां पुन्हां सुरू करूं नये.

एका गोष्टींत मात्र क्षणाचाहि उशीर नको. तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसला, अथवा झांकण नीट मिटेनासें झालें, तर लिथियमची बॅटरी फुगली असें समजावें. यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा, चार्जर काढावा, बॅटरी दाबूं नये कीं टोंचूं नये. ती पेट घेऊं शकते. ती जाणत्याकडून काढवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी, उकिरड्यावर टाकूं नये.

नवा केव्हां घ्यावा

सफाई, लेप व पंखा यांचा खर्च नव्या यंत्राच्या मानानें अल्प असतो. तो अवश्य करावा. परंतु मुख्य बोर्डच जळला असून दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किंमतीवर जात असेल, तर म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घालण्यांत अर्थ नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाहीं, तें थंड होऊन चालूं लागलें तरी सुरक्षेच्या सुधारणांवांचून बँकेच्या व्यवहारास वापरूं नये. त्यावर लिनक्स घालावें, किंवा इंटरनेट तोडून केवळ हिशेबाची वही म्हणून तें ठेवावें.

पावसाळ्यापूर्वीं ऑइल इंजिनचा फिल्टर आपण न चुकतां धुतों. त्याचप्रमाणें रब्बीची मळणी आटोपल्यावर एकदां व दिवाळीनंतर एकदां या यंत्राच्या फटी तपासण्याचा नेम ठेवावा. वर्षांतील हे दोन तास ज्यानें दिले, त्याला अर्जाच्या शेवटच्या दिवशीं काळ्या पडद्यापुढें हात चोळीत बसण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.