पाण्याखालचा वाटाड्या

प्रस्तावना

अनोळखी घाटातून किंवा जंगलातून प्रवाशाला सुखरूप पलीकडे नेणाऱ्या माणसाला आपण वाटाड्या म्हणतो. अलीकडच्या काळात आपल्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर एक वेगळा वाटाड्या दिसू लागला आहे. त्याची वाट पाण्याखालून जाते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात उतरण्याच्या या प्रकाराला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. प्रस्तुत पाठात या वाटाड्याचे काम, त्यामागील शास्त्र आणि त्याच्यावरील जबाबदारी यांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• पाण्याखाली दाब आणि हवा यांचा संबंध स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• वाटाड्याला कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात ते स्पष्ट करणे.
• निसर्गावर अवलंबून असलेला व्यवसाय आणि निसर्गाचे रक्षण यांचे नाते समजावून सांगणे.

मूळ पाठ

१. किल्ल्याच्या पायथ्याचा समुद्र

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. हा किल्ला पाहायला येणाऱ्यांची रीघ जुनीच आहे. परंतु तटाभोवतीच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढते, त्याच्या आसऱ्याने रंगीबेरंगी मासे वावरतात, याची कल्पना पूर्वी फार थोड्या पर्यटकांना असे. १९८७ मध्ये या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज पाण्याखालचे हे जग पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. त्यांना पाण्यात नेणाऱ्यांमध्ये मासेमार कुटुंबांतील अनेक तरुण आहेत.

या तरुणांना समुद्राचा स्वभाव वाडवडिलांकडून कळलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, प्रवाह जोरात वाहतात, तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्या मानाने शांत असते. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, म्हणून सकाळची वेळ बुडी मारण्यास चांगली. पावसाळ्यात तर हे काम बंदच ठेवावे लागते. हे सारे ज्ञान मोलाचे आहे. पण ते पाण्याच्या पृष्ठभागावरचे ज्ञान आहे. पृष्ठभागाखाली उतरताच वेगळे नियम लागू होतात आणि ते नव्याने शिकावे लागतात.

२. दाबाचे गणित

फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली माणसाला मागणीप्रमाणे हवा पुरवणारे उपकरण तयार केले. आजची स्कूबा साधने त्याच तत्त्वावर चालतात. नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तीत सामान्यतः आपण नेहमी घेतो तीच हवा दाबून भरलेली असते.

जमिनीवर आपल्या शरीरावर हवेचा एक पट दाब असतो. समुद्रात दहा मीटर खोल गेल्यावर तो दुप्पट होतो आणि वीस मीटरवर तिप्पट. दाब वाढला की हवा आकुंचन पावते आणि कमी झाला की प्रसरण पावते. दहा मीटर खोलीवर छातीभर श्वास घेऊन कोणी तो रोखून धरला आणि घाबरून एकदम वर आला, तर फुप्फुसांतील हवा दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुसांना जिवावर बेतणारी इजा होऊ शकते. म्हणूनच या विद्येचा पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

हवेचा हिशेबही याच नियमाने ठरतो. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे पट दाबाने भरलेली हवा साध्या दाबाला सुमारे २,४०० लिटर होते. मिनिटाला वीस लिटर हवा लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते, म्हणजे तीच हवा चाळीस मिनिटांत संपेल. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्याची हवा याहूनही लवकर संपते. वाटाड्याला स्वतःच्या हवेबरोबर पाहुण्याच्या हवेवरही सतत लक्ष ठेवावे लागते.

दुसरा धोका नायट्रोजनचा. खोल पाण्यात श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आल्यास मात्र त्याचे बुडबुडे होतात; सांधे दुखतात, प्रसंगी अंग लुळे पडते. त्यामुळे वर येताना मिनिटाला सुमारे नऊ मीटरपेक्षा अधिक वेग ठेवत नाहीत आणि पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबतात. अनेक बुड्या मारल्यानंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असाही दंडक आहे.

पाठगत प्रश्न १

१. वीस मीटर खोलीवर हवा लवकर का संपते?
२. पाण्याखाली श्वास का रोखू नये?

३. मुक्या जगातील भाषा

पाण्याखाली बोलता येत नाही. ध्वनी तेथे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे आवाज ऐकू आला तरी तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. म्हणून सारा व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'सर्व ठीक'. वर केलेला अंगठा जमिनीवर शाबासकीची खूण असतो; पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. तळवा दोन्ही बाजूंना हलवला की 'काहीतरी बिघडले आहे'. उतरण्यापूर्वी वाटाड्या प्रत्येक खूण पाहुण्याकडून करून घेतो. पण त्याचे अधिक लक्ष पाहुण्याच्या डोळ्यांकडे असते. विस्फारलेले डोळे आणि भराभर सुटणारे बुडबुडे पुष्कळदा हाताच्या खुणेआधीच भीतीची वर्दी देतात.

मालवणला येणाऱ्या अनेकांना पोहताही येत नाही. अशांना उथळ पाण्यात नेताना वाटाड्या त्यांच्या पाठीवरील साधनाला धरूनच असतो. त्या अर्ध्या तासात एका अनोळखी माणसाचा जीव अक्षरशः त्याच्या हातात असतो.

४. 'नाही' म्हणण्याचा अधिकार

एखादा पर्यटक दूरचा प्रवास करून येतो, पैसे भरतो आणि मग कळते की त्याला सर्दी झाली आहे. सर्दीमुळे कानातील दाब समतोल करता येत नाही. दडे बसतात, कधी पडदाही फाटतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना आणि मद्य घेतलेल्यांना याहून मोठा धोका असतो. पर्यटक म्हणतो, "मला काही होत नाही." नावेचा मालक घड्याळाकडे पाहतो. हंगाम थोड्या महिन्यांचा असतो आणि प्रत्येक फेरीचा पैसा मोलाचा असतो. अशा वेळी शांतपणे "आज आपल्याला उतरता येणार नाही" असे सांगणे, हे वाटाड्याच्या कामातील कदाचित सर्वांत अवघड कौशल्य आहे. त्या नकाराने एका दिवसाची कमाई बुडते, पर्यटकाचा राग ओढवतो आणि कोणी कौतुकही करत नाही; कारण जो अपघात घडलाच नाही तो कोणाला दिसत नाही.

५. दूरच्या बेटावरील नोकरी

हे काम नुसत्या अनुभवावर करता येत नाही. मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जगात रूढ असलेल्या एका पद्धतीनुसार शिकाऊ व्यक्ती आधी अठरा मीटरपर्यंतचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करते. त्यानंतर प्रगत आणि बचावकार्याचे शिक्षण होते. मग 'डाइव्हमास्टर' ही वाटाड्याची पात्रता मिळते. त्यासाठी वयाची अठरा वर्षे, वैद्यकीय दाखला, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि नोंदवहीत किमान साठ बुड्या असाव्या लागतात. प्रशिक्षणाची सुरुवात बहुधा तलावातच होते. त्यामुळे भिलाई किंवा नागपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील चांगल्या जलतरणपटूलाही ही वाट बंद नाही.

अशी पात्रता मिळवलेल्यांना अंदमानातील स्वराज द्वीप (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) किंवा लक्षद्वीप येथेही काम मिळू शकते. छायाचित्रांतील ही बेटे स्वप्नवत वाटतात. तेथील दिवस मात्र नळकांडी वाहण्यात, साधने गोड्या पाण्याने धुण्यात आणि नोंदी ठेवण्यात जातो. लक्षद्वीपमध्ये लोकवस्तीची बेटे अवघी दहा. राजधानी कवरत्ती कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर. घाईने वर आलेल्या रुग्णावर उपचार करणारे दाबकक्ष देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. मदत जितकी दूर, तितकी सावधगिरी अधिक, हे बेटावरच्या वाटाड्याला कधीच विसरता येत नाही.

६. प्रवाळ जगले तर

प्रवाळ हा दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत आहे. भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. पायाच्या एका धक्क्याने मोडलेला तुकडा पूर्ववत व्हायला अनेक वर्षे जातात. नावेचा नांगर प्रवाळावर टाकणे आणि छायाचित्रासाठी माशांना पाव चारणे यांनीही हानी होते. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे घडले. तापमान वाढणे एका वाटाड्याला थांबवता येत नाही. पण आपल्या पाहुण्याचा पाय कोठे पडतो, हे त्याच्या हाती आहे. पाहुण्याला सुखरूप वर आणणे आणि मागे राहिलेले प्रवाळ जसेच्या तसे ठेवणे, ही दोन्ही कामे पार पडली तरच बुडी पूर्ण झाली असे म्हणता येते.

पाठगत प्रश्न २

१. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ काय?
२. सर्दी झालेल्याला पाण्यात का नेत नाहीत?

शब्दार्थ

नळकांडी – दाबलेली हवा भरलेली धातूची टाकी
दंडक – ठरलेला नियम
वर्दी – आगाऊ सूचना
ऊती – शरीरातील समान पेशींचा समूह
दाबकक्ष – वाढीव दाबाखाली रुग्णावर उपचार करण्याची बंदिस्त खोली

तुम्ही काय शिकलात

• पाण्याखाली प्रत्येक दहा मीटरला दाब वाढतो. हवा, श्वास आणि वर येण्याचा वेग हे सारे त्यावर ठरते.
• समुद्राचे पारंपरिक ज्ञान आणि शास्त्रीय प्रशिक्षण परस्परपूरक आहेत.
• योग्य वेळी नकार देणे हाही कौशल्याचा भाग आहे.

पाठान्त प्रश्न

१. 'जो अपघात घडलाच नाही तो कोणाला दिसत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील अशा एका व्यवसायाविषयी आठ ते दहा ओळी लिहा, ज्यात दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी असते.
३. सर्दी झालेला पर्यटक आणि वाटाड्या यांच्यातील संवाद लिहा. वाटाड्याची भाषा नम्र, पण ठाम असावी.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (१) तेथे दाब तिप्पट असल्याने प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. (२) वर येताना रोखलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसांना इजा होऊ शकते.
पाठगत प्रश्न २ : (१) वर चला. (२) कानातील दाब समतोल करता येत नाही व पडदा फाटण्याचा धोका असतो.