संवेदनांचा मेळ न बसणारी मुले

बेंबळी परिसरातील पालक अशा मुलास तपासणीस आणतात, तेव्हा तक्रार बहुधा ‘हट्टी आहे’ एवढीच असते. पिठाची गिरणी सुरू होताच ते कान झाकून रडते, शिवण टोचते म्हणून नवा गणवेश काढून टाकते, भातात भाजी कालवली की त्यास ओकारी येते. याउलट एखादे मूल गुडघा फुटला तरी रडत नाही व दिवसभर गरगर फिरते.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की पंचेंद्रियांखेरीज शरीराचा तोल, स्नायू व सांधे यांकडून येणाऱ्या संवेदनांचाही मेळ मेंदूस घालावा लागतो. तो न बसणे हा स्वतंत्र आजार मानावा काय, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली तसे निदान न करण्याचा सल्ला दिला. मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेने २०१३ साली मात्र या लक्षणांचा स्वमग्नतेच्या निकषांत समावेश केला. म्हणूनच आम्ही केवळ ‘संवेदनांचा त्रास’ असे लिहून थांबत नाही. श्रवण, दृष्टी, बोलणे व नजरभेट हेही तपासतो.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. गिरणीत नेण्यापूर्वी मुलास तसे सांगावे, सदरा उलटा घालू द्यावा, भात व भाजी निरनिराळी वाढावी. धाक दाखवल्याने त्यास आवाज कमी ऐकू येत नाही. आणि वरातीच्या वाजंत्रीपुढे नातवास खांद्यावर घेऊन जाण्याची हौस आजोबांनी काही वर्षे आवरावी, ही आमची विनंती.