बेटाला वाट फुटते तेव्हा

बेट म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. गंगेला पूर आला म्हणजे पात्रातले एखादे उंच टेकाड पाण्याने वेढले जाते. चारी बाजूंनी पाणी, मधे जमीन. ते बेट. पाणी उतरले की तिथे पुन्हा गुरे चरावयास जातात. मग ते बेट राहत नाही. (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. या पाठातही तसेच म्हणू.)

या पाठात दोन बेटांची हकीकत आहे. एक बेट पैठणच्या नाथसागरातले. दुसरे लांब अमेरिकेतले. पहिल्या बेटावर आम्ही पायी गेलो होतो. तिथे आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो.

परभणी जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. धरण आहे पैठणला. मग त्याचे नाव जायकवाडी कसे? तर आधी ते बीड जिल्ह्यात, जायकवाडी गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलली, नाव तेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी धरणाचा पाया घातला. १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणामागे जे पाणी साठले, त्याला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात.

नाथसागर फार खोल नाही, पण पसरट आहे. परातीत पाणी ओतावे तसा. पाणी भरले तेव्हा गावे बुडाली, शिवार बुडाले. उंच टेकाडे तेवढी वर राहिली. अशी तीसेक बेटे तिथे आहेत. माणूस तिथे राहत नाही, म्हणून पाखरांनी ती आपली केली. १९८६ साली सरकारने हे सगळे पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही आणि आमच्या शाळेतले एक गुरुजी दिंडीबरोबर नाथषष्ठीला पैठणला गेलो. फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे उन्हाळा तोंडावर. दर्शन झाले. दोन दिवसांची रजा शिल्लक होती. गुरुजी म्हणाले, “ज्या पाण्यावर आपला गहू येतो, ते पाणी तरी पाहू.” आम्ही पडशा खांद्याला लावल्या. पडशीत भाकरी, ठेचा, शेंगा, एक तांब्या आणि अंथरायला-पांघरायला घोंगडी. निघालो काठाकाठाने. हिमालय ओलांडून येणारी रानहंसं आणि चक्रवाक पाहावेत, अशी हौस होती. पण ती पाखरे हिवाळ्यातली. ती परत जाऊ लागली होती.

पैठणच्या वाळवंटातून एक तांबडे कुत्रे आमच्या मागे लागले. आम्ही त्याला भाकरीचा तुकडा टाकला. झाले! ते आमचेच झाले. आम्ही त्याचे नाव मोत्या ठेवले. रात्री काठावर निजलो. जवळच कोल्हेकुई झाली. मोत्या रात्रभर भुंकत राहिला. राखण चांगली झाली म्हणून सकाळी त्याला अर्धी भाकरी जास्त मिळाली.

समोर एक बेट दिसत होते. त्यावर पांढरे-पांढरे ठिपके उडत होते. काठावर एक भोई जाळे वाळवीत होता. होडी मिळेल काय, असे आम्ही विचारले. तो हसला. म्हणाला, “होडी कशाला गुरुजी? कालवा सुटला की बेटाला वाट फुटते. घोटाभर पाणी हाय.”

आणि खरेच, आम्ही चिखल तुडवीत चालत बेटावर गेलो. मोत्या आमच्या पुढे.

बेटावर पाय ठेवताच पाखरांनी एकच गिल्ला केला. ते नदी सुरय होते. पाठ राखी, डोके काळे, चोच हळदीसारखी पिवळी, शेपटी दुभंगलेली. पाखरू वरून सरळ डोक्यावर सूर मारी आणि वीतभर अंतरावरून वळे. टिटव्या वेगळ्याच ओरडत होत्या. आम्हांला मौज वाटली. डोक्याला उपरणे गुंडाळले आणि हसत हसत आम्ही घरटी शोधू लागलो. घरटी कसली! वाळूत नुसता खळगा. त्यात दोन-तीन अंडी, मातीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आम्ही अकरा खळगे मोजले. मग एका दगडावर बसून भाकरी खाल्ली.

पाखरे इतकी का ओरडतात, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले. हिवाळ्यात कोंबडी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी. पण सुरय आणि टिटवी उन्हाळ्यात अंडी घालतात. भर उन्हात त्यांच्या अंड्यांना ऊब नको, सावली हवी. आई त्यांच्यावर उभी राहून सावली करते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. ती घडीभर दूर राहिली, तर तापल्या वाळूत अंड्यातला जीव मरतो. आम्ही दगडावर बसून ठेचा-भाकरी खात होतो, तेवढा वेळ सगळ्या आया आकाशात होत्या.

एवढ्यात गुरुजी ओरडले. आम्ही वळून पाहिले. मोत्याचे तोंड पिवळे झाले होते.

त्याला हाकलले, दगड मारले. उपयोग काय? आम्ही परत खळगे मोजले. अकरांपैकी चारच खळग्यांत अंडी राहिली होती. अभयारण्यात परवानगीवाचून शिरू नये, अंड्यांची नासधूस करू नये, असा १९७२ सालचा कायदा आहे. तो आम्हांला माहीत नव्हता. मास्तर असून माहीत नव्हता.

आता दुसरे बेट. अमेरिकेच्या उत्तरेला सुपीरियर नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. समुद्रच म्हणा ना. त्यात आईल रॉयल नावाचे बेट आहे, सुमारे ७० किलोमीटर लांब. १९४० साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. मोटार नाही, सडक नाही. लोक बोटीने जातात. पाठीवर राहुटी, अंथरूण, शिधा घेऊन दिवसचे दिवस पायी हिंडतात. केलेला कचरा परत पाठीवरच आणावा लागतो. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट लोकांना बंद असते.

तिथे मूस नावाचे हरिण आहे. आपल्या रोह्याच्या दुपटीएवढे वजनदार. ते शंभरेक वर्षांपूर्वी बहुधा पोहून आले. पुढे १९४८-४९ च्या सुमारास लांडगे आले. ते कसे? कडक थंडीत सरोवर गोठते आणि काठापासून बेटापर्यंत बर्फाची वाट होते. लांडगे त्या वाटेने चालत आले. १९५८ पासून शास्त्रज्ञ दरसाल त्यांची मोजदाद करीत आहेत.

१९८० साली लांडगे ५० होते. १९८२ साली उरले १४. कोणी तरी पाळलेले कुत्रे बेटावर नेले आणि त्याच्याबरोबर कुत्र्यांचा रोग गेला. हे वाचले तेव्हा आम्हांला मोत्या आठवला. आजही तिथे पाळीव कुत्रे नेण्यास मनाई आहे.

पुढे थंडी कमी होत गेली. बर्फाची वाट क्वचितच होऊ लागली. नवे लांडगे येईनात. आहेत त्यांची जवळच्या नात्यात पैदास होऊन पिल्ले अधू निपजू लागली. शेवटी दोनच लांडगे राहिले. खाणारे कोणी उरले नाही, तेव्हा मूस दोन हजारांवर गेले आणि कोवळी झाडे ओरबाडू लागले. मग २०१८ आणि २०१९ साली माणसांनी १९ लांडगे आणून सोडले. २०२४ च्या मोजणीत ३० लांडगे आणि सुमारे ८४० मूस भरले.

तिथे वाट बंद झाली म्हणून घात झाला. आपल्याकडे वाट फुटते म्हणून होतो. बेट एकच, पण ते कोणाला उपयोगी पडते हे पाणी ठरवते.

मग कालवा सोडू नये काय? असे आम्ही कसे म्हणावे? आमचेही रान त्याच पाण्यावर भिजते. ऊन पाणी उडवते, कालवा पाणी नेतो, आणि ते उतरते नेमके अंड्यांच्या दिवसांत. आपल्या गंगेच्या पात्रात उन्हाळ्यात जी वाळू उघडी पडते, तिथेही सुरय आणि टिटव्या अंडी घालतात. फेब्रुवारी ते मे हे त्यांचे दिवस. त्या दिवसांत मासे धरावयास, टरबुजांच्या वाडीवर किंवा वाळू आणावयास आपण जातोच. जाताना कुत्रे घरी बांधून ठेवता येते. टिटवी अंगावर येऊन ओरडू लागली, तर खाली अंडी आहेत असे समजावे. पुढे पाऊल टाकू नये. वाळूत आपली पावले उमटलेली असतात. त्याच पावलांवर पाय ठेवीत मागे फिरावे, म्हणजे न दिसलेले अंडे पायाखाली येत नाही.

मोत्या त्या दिवशी काठावरच राहिला. आम्ही एस.टी.त बसलो तेव्हा तो दुसऱ्या दिंडीच्या मागे लागला होता.