कोंबड्यांचे जंत आणि मुलांचे जंत

गेल्या पावसाळ्यात एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाला सारख्या उलट्या होत होत्या. शौचात जंत दिसले म्हणून घरच्या गिनी कोंबड्यांसाठी आणलेले जंताचे औषध तिने त्यालाही पाजले होते. "जंत ते जंत, औषध एकच असेल ना डॉक्टर?" मूल सुदैवाने बरे झाले, पण असा समज इतरांचाही असू शकतो, म्हणून हा विषय.

कोंबड्यांचे गोल जंत वेगळ्या जातीचे असतात. ते माणसाच्या आतड्यात वाढत नाहीत. त्यांचे औषध पक्ष्यांच्या वजनाच्या हिशेबाने, बहुधा पाण्यातून देतात. नाव एकच असले तरी औषधाची तीव्रता निराळी असू शकते. म्हणून ते माणसाला कदापि देऊ नये. कोंबड्यांना किती द्यावे व नंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे पशुवैद्यकाला विचारावे.

मग मुलांना जंत होतात कशाने? गोड खाल्ल्याने नव्हे. गोल जंताची एक मादी रोज सुमारे 2 लाख अंडी घालते. उघड्यावरच्या शौचातून ती मातीत मिसळतात, दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि हात, भाजी, पाणी यांतून पोटात जातात. आकडेकृमी मात्र अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो व आतड्यातले रक्त शोषतो. त्याने पंडुरोग होतो. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर बारीक जंतांची शंका घ्यावी.

उपचार सोपा आहे. दोन वर्षांवरील मुलांना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला द्यावी. एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी, कुटून पाण्यातून. बारीक जंत असल्यास घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावे व दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. मूल आजारी असल्यास किंवा घरात गरोदर स्त्री असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. 2015 सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत ही गोळी मोफत मिळते. ती चुकवू नये.

पोट फुगणे, जोराची कळ, उलट्या व शौचास न होणे ही लक्षणे एकत्र दिसली तर जंतांच्या गाठोड्याने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गोळीने आजचे जंत मरतात, उद्याचे थांबत नाहीत. त्यासाठी संडास, साबण, पायात चप्पल आणि कापलेली नखे हवीत.