पुळण निवडताना

बाळा, तुझी यादी मिळाली. मॉरिशसच्या अकरा किनाऱ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे वाळू कशी, फोटो कसे येतात, हॉटेल किती लांब. पाणी कसं आहे हे मात्र एकाही नावापुढे नाही. म्हणून म्हणतो, विमानात बसण्याआधी सूनबाईला घेऊन दोन दिवस पोलादपूरला ये. हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन मी स्वतः दाखवतो. तोवर हे वाचून ठेव.

आपण डोंगरातली माणसं. सावित्रीच्या डोहात पोहायला शिकलो, म्हणून कुठलंही पाणी आपल्याला ओळखीचं वाटतं. पण नदी एका दिशेला वाहते. समुद्र येतो आणि परत जाताना पायाखालची वाळूही ओढून नेतो. मला हे कळलं नोकरीला लागल्यावर. महाड आगारात 31 वर्षं गाडी चालवली, त्यात श्रीवर्धनची मुक्कामाची गाडी कितीदा तरी माझ्याकडे आली. संध्याकाळी गाडी लावली की मी पुळणीवर, पहाटे गाडी काढायच्या आधी पुन्हा पुळणीवर. रात्री ज्या ओंडक्यावर बसलो, तो सकाळी पाण्यात असायचा.

तेव्हा तिथल्या एका कोळ्याने मला हिशेब शिकवला. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं, आणि सकाळी-संध्याकाळी नऊला सुकती. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत, आपल्या महाडकडे, हे पाणी उशिरा पोचतं. पण किनाऱ्यावर हा हिशेब मला कधी दगा देऊन गेला नाही.

नुसती वेळ कळून भागत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार मागेही जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. हरिहरेश्वरला समुद्राकाठच्या कातळावरून प्रदक्षिणा करायची तर पौर्णिमेनंतरची द्वितीया किंवा तृतीया धर. उधाण अजून उतरलेलं नसतं, त्यामुळे सुकतीला पाणी खूप मागे जातं, आणि ती सुकती येते सकाळी साडेसात ते सव्वाआठला. सुकती लागायच्या तासभर आधी खाली उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. पावसाळ्यात तर नावच काढू नकोस. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या वर ओढून ठेवतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते जात नाहीत, तर आपण कशाला?

या प्रदक्षिणेवर मी एवढं का बोलतो, ते तुला ठाऊक नाही. डाव्या तळहातावरचा व्रण तू लहानपणी बोटाने चाचपायचास, तो तिथला. कंडक्टर आणि मी, दोघंही तरुण, दोघंही नदीकाठचे. देवदर्शन झालं, डोंगराच्या चिरेतल्या पायऱ्या उतरून कातळावर आलो. पाणी फिरलं होतं, पण आम्हाला ते अजून लांब वाटत होतं. तो पुढे, मी मागे. एका घळीशी तो वाकून आत बघायला लागला, आणि लाट समोरून न येता त्या घळीतूनच वर उसळली. त्याचे पाय हिरव्या शेवाळावरून सुटले. मी एका हाताने त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने कातळ. कातळावर कालवं चिकटलेली होती, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. तीन लाटा अंगावरून गेल्या. चौथ्या लाटेआधी आम्ही रांगत वर आलो. तो वाचला, पण माझ्या मुठीतून रक्त गळत होतं आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यानंतर त्या कातळावर किती जीव गेल्याच्या बातम्या वाचल्या. वाचलं की आजही हात आपोआप मिटतो.

कुठल्याही पुळणीवर गेलास की कपडे काढायच्या आधी पंधरा मिनिटं नुसता उभा राहून बघ. लाट लांब फुटून हळूहळू पायाशी येते का? तर तळ सपाट आहे, बायकामुलांना बरा. श्रीवर्धन असं आहे, दिवेआगरही. लाट अगदी काठावर आपटते आणि वाळू घसरणीची, भरड आहे का? तिथे दोन पावलांत पाणी छातीला लागतं. आणि दोन्हीकडे लाटा फुटताहेत, मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, पाणी जरा गढूळ, तर नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. ती ओढ असते. आलेलं पाणी तिथूनच परत जातं. चुकून सापडलास तर काठाकडे झगडू नकोस, दम संपतो. काठाला समांतर, आडवा पोहत त्या पट्ट्याबाहेर पड आणि मग लाटेबरोबर ये. खाडीच्या मुखाशी कधीच नाही. बागमांडल्याहून समोर वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीतून बघशील, आपलीच सावित्री तिथे केवढी होते ते.

त्या फेरीने पुढे वेळासला जायचं तर ते पोहण्यासाठी नाही. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. 2002 पासून गावाने कासवांची अंडी जपली आहेत. गावातल्या घरीच राहा आणि रात्री पुळणीवर बॅटरी मारू नकोस.

आता तुझं मॉरिशस. तेही आपल्यासारखं लाव्ह्याचंच. रायगड चढताना पायाखाली असतो तसा काळा कातळ, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यांचा जेमतेम 80 लाखांचा. पांढरी वाळू त्या कातळाची नाही, ती पोवळ्यांची आणि शिंपल्यांची. उपग्रहातून काढलेला फोटो तू पाठवलास, तो मी भिंग लावून पाहिला. बेटाभोवती पांढऱ्या फेसाची रेघ दिसते बघ, ते पोवळ्यांचं कुंपण. लाटा त्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. दक्षिणेला सुयाकजवळ, ग्री-ग्रीला, ती रेघ तुटली आहे आणि लाट थेट कड्यावर येते. तुझ्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर आहे. बघायला जरूर जा, पाण्यात पाय घालू नकोस. कुंपणाला जिथे फटी आहेत, तिथूनच आतलं पाणी बाहेर जातं, म्हणजे आपली तीच ओढ. वारा तिकडे आग्नेयेकडून येतो आणि तुम्ही जाताय जुलैमध्ये, त्यांच्या हिवाळ्यात, तेव्हा तो जोरात असतो. म्हणून पूर्वेचे किनारे मागे ठेव, पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक आणि वायव्येचं त्रू-ओ-बिश पुढे घे.

तिथीचा हिशेब तिथे लावत बसू नकोस. आपल्याकडे उधाणाला पाणी दहा फुटांच्या आसपास चढतं, तिथे दोनेक फूट. त्याऐवजी माणसांना विचार. ऊसमळ्यांवर कामाला आपल्या कोकणातून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. कोणी मराठी बोलणारं भेटलं तर गाव विचार, आणि मग विचार की ते स्वतःची मुलं कुठे पोहायला नेतात.

आणि रबरी तळाचे बूट दोघांनाही घ्या, महाडच्या बाजारात मिळतील. पोवळ्यांत समुद्रसाळू असतात आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो, काटा पायात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. बूट इथेच घेऊन श्रीवर्धनच्या वाळूत एकदा घालून बघा, नवे बूट ओले झाले की टाचेला लागतात.