झोपलेला प्रभू आणि खवळलेले सरोवर



उपासना वर्ष 'ब'मध्ये, सामान्य काळातील बाराव्या रविवारी, प्रभू येशूने वादळ शमवल्याचे शुभवर्तमान वाचले जाते (मार्क ४:३५-४१). या एकाच प्रसंगावर जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकाराने जलरंगात दोन छोटी चित्रे काढली आहेत.

तिसो जन्मला १८३६ साली, नांत या बंदराच्या शहरात. पॅरिस आणि लंडनमध्ये उच्चभ्रू समाजाची चित्रे काढून त्याने नाव कमावले, पैसाही. १८८२ साली त्याची सहचरी कॅथलीन न्यूटन क्षयाने गेली. पुढे १८८५ साली पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमध्ये मिस्सावेळी आपल्याला प्रभूचे दर्शन झाले, असे तो सांगे. पन्नाशीत तो पवित्र भूमीला गेला आणि त्यानंतर ख्रिस्तचरित्राची ३५० जलरंगचित्रे त्याने पूर्ण केली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने १९०० साली लोकवर्गणीतून ती विकत घेतली.

चमत्कार वादळ शमवण्यात आहे, तेव्हा एक चित्र पुरले असते. पण तिसोने आधीचा क्षणही वेगळ्या कागदावर रंगवला. त्यात प्रभू अजून झोपलेलाच आहे. मला हे पहिले चित्र अधिक जवळचे वाटते. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर महिनोन् महिने आपण त्याच चित्रात राहतो.

गालीलचे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, भोवती डोंगर. वरचा गार वारा घळींतून उतरला की पाणी बघता बघता खवळते. १९८६ साली दुष्काळात पाणी ओसरले, तेव्हा चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची होडी सापडली: लांबी ८.२ मीटर, रुंदी २.३ मीटर. एवढ्याशा होडीत तेरा माणसे आणि वरून आत येणारे पाणी! दर्यावर जाणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

घरी मत्तय ८:२३-२७ आणि लूक ८:२२-२५ हे उतारेही शेजारी ठेवून वाचावेत. मत्तयात शिष्य वाचवण्याची विनवणी करतात, लूकमध्ये बुडतोय म्हणून हाका मारतात. मार्कमध्ये मात्र ते सरळ जाब विचारतात, आमची काही पर्वा आहे की नाही म्हणून. मत्तयात प्रभू आधी त्यांना अल्पविश्वासाबद्दल बोलतो, मग वाऱ्याला दटावतो. मार्कमध्ये क्रम उलटा आहे. जाब विचारणाऱ्यांसाठी आधी वारा थांबतो, विश्वासाचा प्रश्न नंतर येतो.

वरामावरची उशी एकट्या मार्कनेच नोंदवली आहे, आणि सोबतच्या इतर होड्याही. त्या होड्यांचे पुढे काय झाले ते तो लिहीत नाही. पण वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला असणार.