लाकूड कुठलं, बोट कुठलं?

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लाकडाचा जॉब केला आहे. करवत, पटाशी, रंधा आणि मॅलेट घेऊन दोन तुकड्यांचा लॅप जॉइंट करायचा, आणि तो नीट बसला नाही तर भुसा आणि फेव्हिकॉल भरून सरांना दाखवायचा! त्या कामात फार तर बोटाला खरचटायचं, कारण हाताची करवत आपण थांबलो की थांबते.

पण घरी काम करताना आता करवत कोण घेतो? सुट्टीत बुकशेल्फ करायचं असतं, गणपतीचं मखर करायचं असतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून बऱ्याच घरांत मखरासाठी प्लायवूड येऊ लागलं. त्याच्याबरोबर कटर, ग्राइंडर, ड्रिल आणि जिगसॉही आले. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये वर्कशॉप थाटलं जातं. तिथे ना इन्स्ट्रक्टर असतो, ना भिंतीवर "सेफ्टी फर्स्ट"ची पाटी.

सेफ्टीचे नियम आपण सगळ्यांनी वाचलेले असतात आणि सगळेच विसरलेले असतात, कारण नियमामागचं कारण कोणी सांगत नाही. गंमत म्हणजे ही बहुतेक कारणं आपल्याच सिलॅबसमध्ये आहेत. यंत्राला लाकूड कुठलं आणि बोट कुठलं हे कळत नाही. त्याला फक्त बल आणि वेग कळतो. म्हणून तो हिशोब आपणच करायचा.

आधी वेगाचा हिशोब

घराघरात दिसणारा चार इंची कटर मुळात मार्बल आणि टाइल कापण्यासाठी असतो. त्याला लाकडाचं पातं लावून सुतारकाम केलं जातं. पातं ११० मिलिमीटरचं आणि फेऱ्या मिनिटाला १२,००० धरा. म्हणजे दात सेकंदाला सुमारे ६९ मीटर धावतो, ताशी जवळजवळ २५० किलोमीटर! डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात पातं ४० वेळा फिरतं. पात्याला ४० दात असतील तर १,६०० दात त्या जागेवरून जातात. म्हणजे "लागलंच तर पटकन हात काढून घेईन" ही कल्पना मुळातच चूक आहे. हात आधीपासूनच लांब हवा.

ताकदीचंही तसंच. माणूस सतत काम करताना ७५ वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. १,२०० वॅटचा कटर म्हणजे सोळा माणसं एकाच पात्यामागे उभी. मनगटाच्या जोरावर त्यांना आवरता येणार नाही.

झटका कुठून येतो?

सगळ्यात मोठा धोका पात्याला हात लागण्याचा वाटतो. पण हात पात्यापर्यंत जातो कसा? बऱ्याचदा झटक्यामुळे. इंग्रजीत त्याला किकबॅक म्हणतात.

टेबल सॉ डोळ्यांपुढे आणा. पात्याचे आपल्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे दात मात्र वर येतात आणि आपल्याच दिशेने फिरतात. लाकूड जरा तिरकं होऊन त्या मागच्या दातांवर गेलं, किंवा कापलेली चीर मिटून पातं चिमटलं गेलं, की लाकूड उचललं जातं आणि आपल्याकडे फेकलं जातं. ते ढकलणारा हात आधार सुटल्यामुळे पुढे, थेट पात्यावर जातो. हे सगळं ०.२ सेकंदांच्या आत.

चांगल्या टेबल सॉमध्ये पात्याच्या लगेच मागे रायव्हिंग नाइफ नावाची पातळ पट्टी असते. ती चीर मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांपासून लांब ठेवते. जुगाड म्हणून कटर उलटा करून प्लायवूडच्या टेबलाखाली बसवतात, त्यात ही पट्टी नसते, बऱ्याचदा गार्डही काढलेला असतो. खर्च वाचतो हे खरं, पण नेमक्या त्याच दोन गोष्टी वाचवणाऱ्या होत्या.

टेबल सॉवर लाकूड नुसतं हातात धरून कधीच कापू नका. बाजूच्या सरळ पट्टीचा, म्हणजे फेन्सचा, आधार घ्या. शेवटचा भाग खाच पाडलेल्या काठीने ढकला. आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, थोडं बाजूला.

हातात धरायच्या कटरमध्ये लाकडाऐवजी यंत्रच उडतं, आणि ते मागे, आपल्या मांडीकडे येतं. इथे तर चक्क स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स लागतं. प्लायवूडची शीट दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली तर काय होईल? सिंपली सपोर्टेड बीम! वरचा थर कॉम्प्रेशनमध्ये, खालचा टेन्शनमध्ये. जसजसं कापत जाल तसतशी शीट मध्ये खचते, चीर वरून मिटते आणि पातं अडकतं. उपाय सोपा आहे. शीटखाली सारख्या जाडीच्या चार रिपा घाला, कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. मग कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. पात्याची खोली शीटच्या जाडीपेक्षा थोडीशीच जास्त ठेवा, म्हणजे खालची फरशीही वाचेल.

ग्राइंडरला दातेरी पातं लावू नका

हे वाक्य मला ठळक अक्षरात छापून हवं होतं! ग्राइंडर घासण्यासाठी असतो. कटरला खाली सपाट तळ असतो, तो लाकडावर टेकतो आणि खोली ठरवतो. ग्राइंडरला तसा तळच नसतो. दात लाकडात रुतला की पूर्ण यंत्र हातात फिरतं आणि ते अडवणारं काहीच नसतं. कुठलंही पातं घेताना त्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा बघा आणि यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहा. वेग दुप्पट झाला तर फिरत्या चकतीतला ताण चौपट होतो. वेगाचा वर्ग आपण मेकॅनिक्समध्ये शिकलो आहोत.

हातमोजे घालायचे की नाही?

इथे बहुतेकजण चुकतात. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत. कातडी कापली जाते, पण मोज्याचा धागा गुंडाळला जातो आणि बरोबर हात ओढला जातो. हेच ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, अंगठी आणि मनगटातल्या दोऱ्याचं. ड्रिल करताना छोटा तुकडा हातात धरू नका. बिट अडकलं की तो तुकडाच पंख्यासारखा फिरतो. क्लॅम्प लावा. चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल मात्र कायम हवा.

लाईट जाते तेव्हा

हा खास आपल्याकडचा धोका. ग्राइंडर किंवा ड्रिलचं बटण लॉक केलेलं असतं आणि लाईट जाते. आपण यंत्र टेबलावर ठेवून चहाला जातो. लाईट येते आणि यंत्र आपोआप चालू! इलेक्ट्रिकल लॅबमधला थ्री पॉइंट स्टार्टर आठवा. त्यातली नो-व्होल्ट कॉइल याचसाठी असते. घरगुती यंत्रात ती सहसा नसते, म्हणून लाईट गेली की पहिलं काम म्हणजे प्लग काढणं. पातं बदलतानाही तेच. स्विच बंद करणं पुरेसं नाही, आणि बंद केल्यावरही पातं पूर्ण थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवायचं नाही. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून मोठं यंत्र चालवलं तर ती तापते. पूर्ण उलगडा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही पाहून घ्या.

धूळ आणि आवाज

हे धोके लगेच दिसत नाहीत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला पहिल्या गटात टाकलं. एमडीएफची धूळ तर फारच बारीक असते. रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ मास्क लावा. कटरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या निऑश संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. कानात घालायचे फोमचे बोळे अगदी स्वस्त मिळतात.

बोट ओळखणारं यंत्र

यंत्राला बोट ओळखायला शिकवलं तर? १९९९ मध्ये स्टीव्ह गॅस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं. पात्यात हलका विद्युत सिग्नल सोडायचा. कोरडं लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, आपलं शरीर नेतं. बोट लागताच सिग्नल बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबवतो. पातं वाया जातं, बोटावर बारीक ओरखडा येतो. सॉसेज घेऊन केलेलं त्याचं प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे, आणि शेवटी गॅसने स्वतःचं बोटही लावून दाखवलं. पण ही सोय काही महाग टेबल सॉमध्येच मिळते. आपल्या कटरला काहीच कळत नाही.

तरीही लागलंच तर

स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी काहीही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी मरतात. १०८ ला फोन करा आणि जिथे प्लॅस्टिक सर्जन आहे अशाच हॉस्पिटलमध्ये जा. वेळ वाचला तर बोट परत जोडता येण्याची शक्यता असते.

गॅदरिंगचं स्टेज किंवा प्रोजेक्टचं मॉडेल करायचं असेल तर कृपा करून होस्टेलच्या रूममध्ये नको. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जा, तिथे विचारायला सर असतात. आणि घरी कराल तेव्हा बटण दाबण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. लाकूड किंवा यंत्र उडालं तर कुठल्या दिशेला जाईल? लाकूड अचानक सुटलं तर माझा हात कुठे जाईल? आत्ता लाईट जाऊन परत आली तर काय होईल? तिन्हींची उत्तरं येत असतील तर खुशाल बटण दाबा. एकाचंही येत नसेल तर मखर थोडं उशिरा झालं तरी चालेल, गणपती बाप्पा समजून घेतील.